सुलोचनाबाईंच्या माळा आणि माझा इंडेक्स

मी चुकीचा इंडेक्स लावला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी भाग पाडलं नव्हतं. चांगला चालणारा काढून टाकून, स्वतःच्या हातानं, छाती फुगवून लावला. आणि तो का लावला, तर एका बाईला हरवायचं होतं म्हणून.

त्या बाईचं नाव सुलोचना गजभिये. यवतमाळात बियाण्याचं एक मोठं घाऊक-किरकोळ दुकान होतं, त्यात आम्ही दोघं नोकरीला. त्या काउंटरवर, मी कॉम्प्युटरवर. या अंकासाठी लिहायला संपादकांनी आधी त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "मले कुठी येळ हाय? सोनोने सरले सांगा, ते रिकामेच हायेत." संपादकांनी हा निरोप माझ्यापर्यंत जसाच्या तसा पोचवला. म्हणजे हा लेखसुद्धा मला त्यांनी नको म्हटल्यावर मिळालेला आहे. सगळी नोकरी अशीच गेली.

दुकानाचे मालक हाजीसाहेब. बोलणं अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, आणि रागावले की दोन्ही एकदम. ते कापसाचे वाईट दिवस होते. बोंडअळी होती, भावाचा भरवसा नव्हता, आणि त्यात बोगस बियाण्याची भीती. गिऱ्हाईक पाकीट घेताना ते उलटसुलट करून, वास घेऊन, उजेडात धरून बघायचं. अशा दिवसांत हाजीसाहेबांनी कॉम्प्युटर घेतला आणि तो चालवायला मला घेतलं. मला वाटलं, आता दुकान माझ्याभोवती फिरेल. दुकान सुलोचनाबाईंभोवती फिरत होतं ते तसंच फिरत राहिलं.

शेतकरी आत आला की पहिला प्रश्न, "बाई कुठी हाय?" मी मोकळा बसलेलो असायचो, पडदा निळा चमकत असायचा, तरी माणसं त्यांच्यासाठी ताटकळायची. बोरी अरबचे एक आजोबा होते. मी त्यांना म्हटलं, "बाबा, नाव सांगा, मी काढतो तुमचं मागचं बिल." ते म्हणाले, "मशीनले कायले सांगू? बाई वयखते मले." आणि बाकड्यावर बसून राहिले. सुलोचनाबाई जेवून आल्या, त्यांनी आजोबांकडे एकदा पाहिलं आणि मागच्या भिंतीकडे गेल्या.

ती भिंत सांगायला हवी.

बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लिहावाच लागतो. एका वेळी तयार करून पॅक केलेल्या बियाण्याला एक नंबर असतो, तो लॉट. बियाणं उगवलं नाही तर कोणत्या लॉटचं, हाच पहिला प्रश्न. खोक्यात सगळी पाकिटं एकाच लॉटची यायची. सुलोचनाबाई खोकं फोडलं की त्याचं लेबल फाडायच्या, सुईत जाड दोरा ओवून आधी ते लेबल ओवायच्या आणि मग त्या खोक्यातलं पाकीट विकलं की त्या बिलाची कार्बन प्रत त्याच दोऱ्यात. एका खोक्याची एक माळ. भिंतीवर खिळ्यांची रांग, आणि माळा खिळ्यांवर लॉटच्या नंबरानं टांगलेल्या. डावीकडे लहान नंबर, उजवीकडे मोठे. मी त्यांना पापडाच्या माळा म्हणायचो. कोणी हसायचं नाही.

हाजीसाहेब सकाळी आले की पहिला चहा बाईंना सांगायचे. मला दुसरा. चहा तोच, दूध तेच, पण दुसरा. पहिल्या कपाचा हेवा करणारा माणूस मी एकटाच असेन.

आता माझा धंदा सांगतो. कॉम्प्युटरात हजारो बिलं असतात, त्यातलं एक शोधायचं. इंडेक्स म्हणजे कोणतं बिल कुठं आहे याची सूची. ती नसेल तर मशीन पहिल्या बिलापासून शेवटच्यापर्यंत एकेक वाचत जातं. भरल्या बैलबाजारात आपला गोऱ्हा शोधायला प्रत्येक दावणीशी जाऊन तोंड पाहावं, तसं. सापडतो, पण उन्हं उतरतात.

दुसरी पद्धत क्रमाची. डिक्शनरीत शब्द पाहतो तसं. मधोमध उघडायचं, आपला शब्द मागं की पुढं ते बघायचं, उरलेल्याच्या पुन्हा मधे. चार-सहा उड्यांत माणूस जागेवर. याला आमच्या पुस्तकात झाड म्हणतात, बी-ट्री. वर मूळ, खाली पानं, आणि पानांवर नंबर ओळीनं लावलेले. एक सापडला की त्याचे शेजारी तिथंच बसलेले असतात.

तिसरी पद्धत हॅश. टपाल छाटायचे खण पाहिलेत ना? तसे खण समजा. लॉट नंबरवर मशीन एक छोटं गणित करतं आणि उत्तर येतं, खण सत्तावन्न. सरळ सत्तावन्नमध्ये हात घालायचा. उड्या नाहीत, मागंपुढं नाही. फक्त या खणांत शेजारधर्म नाही. ४३१० सत्तावन्नमध्ये पडला तर ४३११ कुठं नवव्यात पडेल. पूर्ण नंबर सांगा, तो क्षणात देईल. अर्धा सांगाल, किंवा अमक्यापासून तमक्यापर्यंत म्हणाल, तर तो तुमच्या तोंडाकडे बघेल.

चौथी एक आहे, हजेरीपटासारखी. वाण पाचच असले तर प्रत्येक वाणाची एक ओळ आणि बिलागणिक हजर-गैरहजर. ती मी वाणांसाठी ठेवली होती, तिच्याशी माझं भांडण नाही.

मी सुरुवातीला लॉटसाठी झाडच लावलं होतं. गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग हाजीसाहेबांनी एकदा गंमत म्हणून शर्यत लावली. हातात येईल ते बिल उचललं, लॉट नंबर मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "हां, ढूंढो दोनों." मी टाइप केलं, एंटर मारला. मान वर केली तर सुलोचनाबाई खिळ्याशी पोचून माळ हातात घेत होत्या. मी जिंकलो, पण किती, तर चार पावलांनी. लाखाचं मशीन आणि एक सुईदोरा यांच्यात चार पावलं! बाई म्हणाल्या, "जिकले तुमी सर. चहा सांगा मंग." चहा मी सांगितला. पैसेही मीच दिले.

त्या चार पावलांनी माझी झोप नाही, पण अक्कल उडवली. मी शाळेतल्या पीटीच्या मास्तरांकडून स्टॉपवॉच उसनं आणलं आणि सगळ्या पद्धती मोजायला बसलो. इंडेक्सशिवाय शोधायला लावलं, तर माझा चहा पिऊन झाला, कप विसळून झाला. झाड लावून शोधलं, घड्याळाचं बटण दाबून सोडेपर्यंत उत्तर. हॅश लावून शोधलं, तेवढ्यातच उत्तर. दोघांतला फरक माझ्या अंगठ्याला मोजताच येईना. मग मी एकच शोध हजार वेळा करायला लावला. तेव्हा कुठं हॅश पुढं गेला. पुढं म्हणजे किती? एका शोधामागं डोळ्याची पापणी लवते त्याचाही तुकडा. मी त्याचा तक्ता केला, छापला आणि दुकानात लावला. एकाही गिऱ्हाइकानं तो वाचला नाही. बाईंनी वाचला आणि विचारलं, "सर, एवढा येळ वाचला तं त्याचं काय करता मंग?"

दोन्ही इंडेक्स ठेवायला काय झालं होतं, असं जाणकार विचारतील. प्रत्येक इंडेक्स म्हणजे बिलागणिक एक जादा नोंद. हंगामात दारापर्यंत रांग असायची, मशीन जुनं, बिल निघायला वेळ लागायचा. एकच ठेवणं भाग होतं. मी झाड काढलं, हॅश ठेवला. पापणीच्या तुकड्यासाठी.

पण तेवढ्यानं भागेना. भिंत डोळ्यांत सलत होती. मी हाजीसाहेबांना म्हटलं, "मशीनला धूळ सोसत नाही. मागच्या भिंतीशी काचेची केबिन करू." केबिन करायची तर खिळे काढायचे आणि माळाही काढायच्या. हाजीसाहेबांनी बाईंना सांगितलं, "सुलोचना, अब ये मालाएं रद्दी में दे दो. सब सोनोने के डब्बे में है." त्या "हो काकाजी" म्हणाल्या. एवढंच. वाद घातला असता तर मला जरा बरं वाटलं असतं. रद्दीवाला आला, पोतं भरून घेऊन गेला, आणि मी केबिनीत पंखा लावून बसलो. गोदामात बाईंची एक लोखंडी पेटी आली, कुलूपवाली. मला वाटलं, जेवणाचा डबा ठेवायला.

पुढच्या हंगामाच्या तोंडाला, मे संपता संपता, सकाळी साडेनवाला एका कंपनीचा फॅक्स आला. लॉट ४३१० पासून ४३४८ पर्यंत, पुढं जे काही अक्षर-तारखेचं शेपूट असेल ते असो, उगवण कमी आहे. विक्री थांबवा. विकलेलं परत घ्या. न फोडलेलं पाकीटच बदलून मिळेल.

बाहेरच्या माणसाला यात घाई दिसणार नाही. अजून पावसाचा पत्ता नव्हता. पण आमच्याकडे धूळपेरणी करतात. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत कपाशी टोबून ठेवायची. पाऊस आला की उगवण पहिली आपली. डोंगराकडची माणसं तर हमखास. म्हणजे पाकिटं त्याच दिवशी, त्याच वेळी फुटत होती. पाकीट फुटलं की बदलून मिळणार नव्हतं.

बाईंनी फॅक्स वाचला आणि पहिलं वाक्य बोलल्या, "झरीचा टेकाम याच खोक्यातलं घेऊन गेला."

रामा टेकाम झरी जामणीकडचा. जंगलातल्या कोलाम आदिवासींच्या एका पोडातून यायचा. पोड म्हणजे त्यांची वस्ती. अकरा घरांचं बियाणं तो एकटाच न्यायचा, एकाच बिलावर. ते बियाणं मातीत गेलं तर अकरा घरांचा हंगाम जाणार.

"याच खोक्यातलं हे कशावरून?" मी म्हणालो. "अंदाज नको. मशीन सांगेल. आणि टेकाम एकटाच नाही, सगळीच नावं लागतील."

"पाहा मंग लवकर," त्या म्हणाल्या.

मी टाइप केलं ४३१०. मशीन म्हणालं, असा लॉट नाही. बरोबरच होतं. लॉटचा पूर्ण नंबर त्याच्या शेपटासकट होता, आणि शेपूट मला ठाऊक नव्हतं. हॅशला अर्ध्या नंबराचा खण काढता येत नाही. अमक्यापासून तमक्यापर्यंत तर येतच नाही. झाड असतं तर ४३१० पाशी नेऊन सोडलं असतं आणि ४३४८ पर्यंत पानं ओळीनं वाचून दाखवली असती. झाड मी काढलं होतं.

मी शेपटं अंदाजानं टाकून पाहिली. एकही जुळलं नाही. मग ठरवलं, सगळी बिलं पहिल्यापासून वाचायला लावू, तो बैलबाजारच सही. घाईत प्रोग्राम लिहिला, चालू केला, आणि दहाला लाइट गेली. लोडशेडिंग. रोजची वेळ, भिंतीवर माझ्याच तक्त्याशेजारी कागद लावलेला. मशीनला यूपीएस होता, वीस मिनिटं चालायचा. त्या दिवशी चार मिनिटं चालला, कारण केबिनीतला माझा पंखाही मी त्यालाच जोडला होता.

सुलोचनाबाई केबिनीच्या दाराशी आल्या. "सर, मी पाहू काय?"

"दहा मिनिटं," मी म्हणालो.

मी मंडप-डेकोरेशनवाल्याकडे धावलो. त्याचं जनरेटर लग्नात गेलेलं. ते लग्न गाठलं, वरबापाच्या हातापाया पडलो, जनरेटर हातगाडीवर घालून आणलं. ते धडधडायला लागेपर्यंत पावणेबारा. मशीन चालू झालं आणि म्हणालं, फाइल बिघडलेली आहे. लिहिता-वाचता वीज गेली की असं होतं, ही ओळ मीच दुकानातल्या पोरापोरींना शिकवायचो.

बाई दुसऱ्यांदा आल्या. या वेळी त्यांनी विचारलं नाही. हाजीसाहेबांकडे वळून म्हणाल्या, "काकाजी, गोदामातली पेटी उघडतो मी. सरचं झालं की सांगा मले."

पेटीत माळा होत्या. रद्दीत गेल्या होत्या त्या जुन्या वर्षांच्या. चालू वर्षाच्या सगळ्या, भिंत गेल्यावर ओवलेल्यासुद्धा, इथं, खोक्याच्या पुठ्ठ्याचे पडदे घालून, लॉटच्या ओळीनं. बाईंनी ४३ चा पुठ्ठा वर ओढला, पहिली माळ उचलली आणि शेजारच्या उचलत गेल्या. सात माळा निघाल्या. शेपूट कोणतंही असो, ती सगळी शेजारीशेजारीच होती. मला तिथं उभ्या उभ्या दिसलं की पुस्तकात जे झाड उलटं काढतात ते हेच. वर पुठ्ठा, खाली माळ, माळेला लागून माळ. मी नागपूरला फी भरून शिकलो ते. आणि खरं सांगतो, त्या घटकेला मला टेकामची आठवण आली नाही. आधी वाटलं, हे मला का सुचलं नाही.

हाजीसाहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेटी में काहे को रख्खे, सुलोचना?"

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. "उंदरं हायेत काकाजी दुकानात."

मग धावपळ. जिथं फोन होते तिथं फोन. बोरी अरबच्या, कळंबच्या चिठ्ठ्या एसटीच्या ड्रायव्हरांच्या हाती. झरीच्या पोडात फोन नव्हता. चांगल्या लॉटची पाकिटं जीपमध्ये टाकली आणि मी म्हटलं मी जातो. प्रायश्चित्त वगैरे नाही. दुकानात थांबून बाईंचं कौतुक ऐकायचं नव्हतं.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. टेकाम शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेला. मी उतरता उतरता ओरडलो, "पाकिटं फोडली काय?"

"दोन घरचे फोडले. काल भुऱ्या बुढ्याचं वावर केलं, आज सोमीबाईचं. आमच्यात आधी एकट्यादुकट्याईचं करतो, समद्यांनी मिळून. मंग आपआपलं."

"सोमीबाईचं केव्हा झालं?"

"हे आत्ताच तं. ऊन कललं तवा जेवून लागलो, हे आता उठलो."

मी मनात हिशेब केला, तो इथं मांडतो. बाईंनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा सव्वादहा झाले होते. तेव्हा पेटी उघडली असती तर मी दोनला इथं असतो. सोमीबाईंच्या वावराची पाकिटं बंद असती.

टेकामनं सगळं ऐकून घेतलं. ओरडला नाही. नऊ घरांची बंद पाकिटं मोजून परत दिली, नऊ घरांची नवी घेतली. मग प्रत्येक घराच्या पाकिटातून ओंजळ ओंजळ सरकी काढून दोन ढीग केले, एक भुऱ्या बुढ्याचा, एक सोमीबाईंचा. कोणी कोणाला विचारलं नाही. त्या वर्षी अकराही घरांची कपाशी थोडी विरळ उगवली, पण अकराही घरांची उगवली. मला त्या ओंजळींचाही हेवा वाटला. माझ्यासाठी कोणी अशी काढली असती का, हा विचार परतीच्या वाटेवर सोबत होता.

सोमीबाई म्हणजे तुरीच्या वाळल्या तुऱ्हाटीसारखी म्हातारी. कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "दुपारी आला अस्ता तं माही कंबर वाचली अस्ती, बापू." दुसऱ्या दिवशी तिला तेच वावर पुन्हा टोबायचं होतं.

आठवड्यानं जिल्ह्याच्या पेपरात चार ओळींची बातमी आली, बाईंच्या नावासकट. मी तो अंक तीनदा वाचला. शेवटच्या ओळीतल्या 'इतर कर्मचारी' या शब्दांत मी येतो का, याचा विचार करत. हाजीसाहेबांनी मला काढलं नाही. केबिन काढली. खिळे परत ठोकले, ते मला ठोकायला लावले. मी झाड पुन्हा लावलं, हॅशसकट, आणि बिलाला दोन क्षण जास्त लागले तर कोणाचंही काही अडलं नाही. जळकेपणाची भरपाई म्हणून मी स्वखर्चानं एक उंदराचा पिंजरा आणला आणि रोज त्यात पोळीचा तुकडा लावायचो. इतक्या वर्षांत त्यात एक उंदीर सापडला नाही. बियाण्याला लावलेल्या औषधाचा वास त्या दुकानात असा होता की माशीसुद्धा दारातून परत जायची. तरी मी पिंजरा लावत होतो.

हा लेख लिहायच्या आधी तपशील तपासायला कळंबला सुलोचनाबाईंकडे गेलो. आता त्या निवृत्त, मीही. त्यांनी चहा दिला, पहिला कप मला. मला कसंसंच झालं, आणि जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोलून टाकलं. म्हटलं, "बाई, मी तुमच्यावर जळायचो. भिंत धुळीसाठी नाही काढली. तुमच्या माळा बघवत नव्हत्या म्हणून काढली. बरं झालं त्या उंदरांच्या भीतीनं तुम्ही पेटीत ठेवल्या."

बाईंनी बशी खाली ठेवली.

"कोनते उंदरं, सर? उंदीर खाऊन खाऊन एखांदं बिल खाते. तुमी अख्खी भित खाल्ली व्हती. पेटीले कुलूप तुमच्यासाठी व्हतं."